कवठाएवढ्या दाराचा दवाखाना

एका जंगलात एक सिंह राजा होता. दुसरं कुणी राजा व्हायला तयार नव्हतं असं नाही, पण दात त्याचेच मोठे होते. एवढं कारण पुरतं, मुलांनो. आता नीट मांडी घालून बसा आणि गोष्ट संपेपर्यंत प्रश्न विचारू नका. या गोष्टीत ज्याने प्रश्न विचारले त्याचं काय झालं, ते पुढे येईलच.

तर या राजाला एक खोड होती. त्याला एखादी गोष्ट पटली की ती सगळ्या जंगलाला लागू व्हायची. एकदा जेवणानंतर त्याने आळस दिला आणि त्याला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, की सर्व प्राण्यांनी दिवसातून तीनदा आळस द्यावा. कासवाची मान लचकली. वटवाघळं उलटी लटकून आळस देता देता खाली पडली. कुणी तक्रार केली नाही. पुढे राजाला दुसरं काहीतरी पटलं, तेव्हा कुठे तो हुकूम मागे पडला.

हे दुसरं काहीतरी म्हणजे भोक. हसताय काय? खरंच भोक.

त्या जंगलात टोकाजी नावाचा एक सुतारपक्षी राहायचा. बाकीचे सुतारपक्षी झाडं टोचतात, किडे खातात आणि पोट भरलं की गप्प बसतात. टोकाजीच्या डोक्यात मात्र एकच विषय होता, दुसऱ्यांची डोकी. त्या काळी कुणाच्या मेंदूत गाठ झाली की त्याला अस्वलाकडे नेत. अस्वल पंजाने कवटी उघडायचं, आत बघायचं, ‘हं’ म्हणायचं आणि झाकण परत लावायचं. निम्मे तिथेच मरायचे. जे वाचायचे ते घरी जाऊन स्वतःच्या बायकोला ‘आपण कोण?’ असं विचारायचे.

टोकाजीला हे बघवेना. त्याने कवठाच्या झाडावर सराव सुरू केला. कवठाची कवटी दगडासारखी कठीण. तिला चिंचोक्याएवढं भोक पाडायचं, त्यातून चोच आत घालायची आणि एकच ठरवलेली बी बाहेर काढायची, तीही कवठ देठावरून न हलवता. सात वर्षं तो हेच करत बसला. बायको सोडून गेली, पण चोचीला वळण लागलं. मग त्याने एका वानराच्या डोक्यातली गाठ काढली. सारखं झाडावरून पडणारं ते वानर संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी शेंड्यावर बसून लोकांना चिंचा मारू लागलं. त्यानंतर एक नीलगाय बरी झाली. मग दोन चितळं. जंगलात बोलबाला झाला आणि तो राजाच्या कानावर गेला.

राजाने टोकाजीला दरबारात बोलावलं. टोकाजीने एका कवठावर प्रयोग करून दाखवला. राजाने कवठ उलटंपालटं करून बघितलं, भोक कुठे आहे तेच त्याला सापडेना.

‘म्हणजे भोक जितकं लहान तितकं चांगलं?’ राजाने विचारलं.

‘होय महाराज,’ टोकाजी म्हणाला.

इथे त्याने ‘कवटीपुरतं’ एवढा एक शब्द जोडला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण बिचारा विद्वान होता. विद्वानांना वाटतं, समोरच्याने मान हलवली म्हणजे त्याला कळलं.

राजाला पटलं. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की सर्व प्राण्यांसाठी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा एक मोठा दवाखाना उघडण्यात येईल. तिथे उपचार फुकट होतील. मुंगीपासून हत्तीपर्यंत कुणालाही मज्जाव नसेल. नाव ठरलं, श्रीवनराज सूक्ष्मछिद्र मस्तक रुग्णालय. कावळ्यांनी हे नाव जंगलभर ओरडून सांगितलं. निम्म्या कावळ्यांना ते नीट म्हणता आलं नाही, पण ओरडण्यात कसूर झाली नाही.

टोकाजीला शल्यविशारद नेमलं आणि त्याच्या डोक्यावर मुख्याधिकारी म्हणून मुंगसाला बसवलं. मुंगसाला मेंदूतलं काही कळत होतं का? छे. पण त्याला बिळांतलं कळत होतं, आणि राजाच्या मते विषय तोच होता.

दवाखान्यासाठी डोंगरातली मोठी गुहा निवडली. गुहा उत्तम होती. आत ऊन लागत नसे, पाणी पाझरत नसे, आणि तोंड एवढं रुंद होतं की वादळात दोन हत्ती शेजारी शेजारी उभे राहून आत येत. मुंगसाने ते तोंड बघितलं आणि कपाळाला पंजा लावला. राजाला लहान भोक आवडतं आणि इथे तर खिंडार! त्याने वाळवीला कंत्राट दिलं. वाळवीने महिनाभरात मातीची भक्कम भिंत उभारून गुहेचं तोंड बंद केलं. मधोमध एक दार ठेवलं, कवठाएवढं. बरोब्बर कवठाएवढं. दरबारातलं ते कवठ मापाला नेलं होतं.

टोकाजीने विचारलं, की यातून रुग्ण आत कसे येणार? मुंगूस म्हणालं, की लहान भोकातून मोठं काम करायचं हे आपलंच शास्त्र आहे ना, मग दाखवा करून. टोकाजीने आत डोकावून बघितलं. सात वर्षं तो झाडाच्या फांदीवर उकिडवा बसून हे स्वप्न बघत होता. आता आत गवताच्या शंभर गाद्या होत्या, औषधी पाल्याच्या राशी होत्या, आणि दारावर नाव होतं. त्याने मनाशी म्हटलं, सुरू तर होऊ दे, दाराचं पुढे बघू. मुलांनो, हे ‘पुढे बघू’ फार वाईट असतं. पण तेही पुढे बघू.

उद्घाटनाला राजा आला. दारात वेल बांधली होती, ती त्याने दातांनी तोडली. आता आत पाऊल टाकायचं, तर पाऊल काही आत जाईना. राजाचा पंजा दारापेक्षा मोठा होता. सगळे खाली बघू लागले. मुंगूस मात्र चटपटीत. त्याने राजाला पाठमोरं व्हायला सांगितलं आणि राजाने शेपटी आत घालून दवाखान्याचं उद्घाटन केलं. टाळ्या झाल्या. शेपटी बाहेर आल्यावर राजाने भाषण केलं, की आतली व्यवस्था पाहून आपल्याला समाधान वाटलं.

दवाखाना सुरू झाला. दारातून कोण आत जाऊ शके? उंदीर, चिचुंद्री, खार, सरडे. त्यांची डोकी एवढीशी की टोकाजीची चोच त्यात घातली तर ती पलीकडून बाहेर यायची. म्हणजे जे आत मावत त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नसे, आणि ज्यांच्यावर होऊ शके ते आत मावत नसत. पहिल्या तीन महिन्यांत दवाखान्यात एकही शस्त्रक्रिया झाली नाही. त्यामुळे एकही बिघडली नाही. मुंगसाने तसा अहवाल राजाला पाठवला आणि राजाने त्याच्या गळ्यात एक शिंपला बांधला.

आता आपली सगुणा येते. सगुणा ही रानम्हैस. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब, आणि पोटात पहिलं रेडकू. तिचा नवरा धोंडबा रेडा. तो दिवसातून चार शब्द बोलायचा आणि त्यांतले दोन ‘हो’ असायचे. मोहाची फुलं पडू लागली तेव्हा सगुणाचं डोकं दुखायला लागलं. मग तिला दोन दोन झाडं दिसायला लागली. मग एका डोळ्यापुढे धुकं आलं. एके सकाळी ती सरळ चालत जाऊन वारुळावर आदळली. धोंडबाने तिला वास घेत घेत दवाखान्यापर्यंत आणलं. दोन डोंगर ओलांडून आले होते बिचारे.

दार बघून धोंडबा थबकला. त्याने आधी दाराकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, मग परत दाराकडे.

मुंगसाने दारातून तोंड बाहेर काढलं. त्याने नियम सांगितला, की आत आल्याशिवाय रुग्ण म्हणून नोंद होत नाही आणि नोंदीशिवाय उपचार होत नाहीत. सगुणाने विनवलं, की मी एवढी मोठी, आत कशी येऊ? मुंगूस म्हणालं, दवाखान्याची तक्रार नाही, जेवढी येता येईल तेवढी ये. जेवढा रुग्ण आत, तेवढाच आमचा.

तेव्हा सगुणा गुडघ्यांवर बसली, मान वाकडी केली आणि एक शिंग दारातून आत घातलं. शिंग वीतभर आत गेलं. मुंगसाने नोंद केली. रुग्ण, एक शिंग. डावं.

खोटं वाटतंय? मला पण वाटलं असतं. पण शिंग दाखल झालं, आणि तीन दिवस दाखल राहिलं. सगुणा भिंतीबाहेर गुडघ्यांवर, मान वाकडी, आणि शिंग आत. आत खारींनी शिंगाला तेल लावलं, पाला बांधला, सकाळ संध्याकाळ पुसलं. शिंगाने दार भरून गेल्यामुळे दुसऱ्या कुणाला आत येता येईना, तेव्हा बाहेर पाटी लागली, की दवाखाना भरला आहे. टोकाजीही आत अडकला. तो शिंगावर बसून ओरडत होता, की मला डोकं हवंय, शिंग नको. चौथ्या दिवशी मुंगसाने शिंग तपासलं, त्याला कुठेही दुखत नव्हतं. त्याने नोंद केली, की रुग्ण पूर्ण बरा होऊन घरी गेला. दवाखान्याचा हा पहिला बरा झालेला रुग्ण.

शिंग निघाल्याबरोबर टोकाजी दारातून बाहेर झेपावला. त्याने सगुणाच्या डोळ्यांत बघितलं, कवटीवर चोच आपटून आवाज ऐकला. गाठ होती. बोराएवढी, डोळ्यांच्या मागे, दाबून बसलेली.

‘आठ दिवसांत काढली तर नजर वाचेल,’ तो म्हणाला.

‘मला दुसरं काही नको,’ सगुणा म्हणाली. ‘रेडकू झालं की त्याचं तोंड बघायचंय. तेवढं होईल ना?’

टोकाजी होईल म्हणाला. ते खरंही होतं. शेजारीच अर्जुनाचं झाड होतं, सावली होती, गाठ सोपी होती. सकाळचं काम. पण मुंगसाने त्याला त्याच्या नेमणुकीची अट वाचून दाखवली, की शल्यविशारदाने दवाखान्याबाहेर चोच लावू नये. लावल्यास पद गेलं. फारच निकड असल्यास अर्ज करावा.

आणि टोकाजीने अर्ज केला. माझा राग मुंगसावर आहेच, मुलांनो, पण टोकाजीवरही आहे. चोच त्याची होती, सावली झाडाची होती, आणि समोर ती होती. पण सात वर्षांनी मिळालेलं पद, दारावरचं ते लांबलचक नाव, आतल्या शंभर गाद्या. त्याला वाटलं, रीतसर होऊ दे.

पहिला अर्ज त्याने सागाच्या पानावर लिहिला. त्यात गाठीचं वर्णन होतं, आठ दिवसांची मुदत होती, सगळं होतं. आठवड्याने उत्तर आलं, की अर्ज फार मोठा आहे, दवाखान्याच्या धोरणाला शोभत नाही, लहान करून द्यावा. त्याने पळसाच्या पानावर लिहिला. आणखी आठवड्याने उत्तर आलं, की सुधारणा आहे, पण अजून लहान. मग आपट्याच्या पानावर. अजून लहान. शेवटी त्याने चिंचेचं एवढंसं पान घेतलं. त्यावर अक्षर कसलं मावतंय, त्याने चोचीने फक्त एक टोचा मारला. याचं उत्तर मात्र दोनच दिवसांत आलं. अर्ज अत्यंत सुबक आहे, पण आपल्याला काय हवंय ते त्यात लिहिलेलं नाही.

या सगळ्यात सगुणा भिंतीपाशीच होती. परत दोन डोंगर ओलांडायची ताकद तिच्यात नव्हती. आधी तिची एका बाजूची नजर गेली, मग दुसऱ्या बाजूची जायला लागली. धोंडबा तिला गवत आणून घालायचा. एकदा त्याने भिंतीपासून वीस पावलं मागे जाऊन डोकं खाली घातलं. त्याच्या एका धडकेत ती भिंत भुईसपाट झाली असती. पण सगुणाने खुरांचा आवाज ओळखला आणि त्याला हाक मारली. दवाखाना सगळ्यांचा आहे, म्हणाली, आपल्या एकटीसाठी मोडायचा नाही. आता या बाईला काय म्हणावं? शहाणी म्हणवत नाही आणि मूर्ख म्हणायला जीभ रेटत नाही.

सुबक अर्जाचं उत्तर आलं त्याच दिवशी दुपारी ती व्याली. भिंतीला टेकून, बाहेर, धुळीत. रेडकू धडपडत उभं राहिलं. सगुणा त्याला चाटू लागली. आधी पाठ, मग पोट, मग कान, मग तोंड. चाटता चाटता तिने धोंडबाला विचारलं, की कसं दिसतंय.

धोंडबा बराच वेळ विचार करत होता. बोलायची सवय नाही, काय करील?

‘काळं आहे,’ तो म्हणाला.

टोकाजी वर फांदीवर होता. त्याने ते ऐकलं. चिंचेचं ते पान त्याच्या चोचीत होतं, ते त्याने खाली टाकलं आणि उडत येऊन तो तिच्या कपाळावर बसला. परवानगी नाही, अर्ज नाही, काही नाही. त्याने तिला झाडाखाली आडवं केलं, पाल्याचा रस पाजला, आणि ऊन कलायच्या आत गाठ बाहेर काढून धोंडबाच्या पायाशी ठेवली. भोक चिंचोक्याएवढं. रक्त दोन थेंब. सात वर्षांत त्याच्या चोचीने इतकं नेटकं काम केलं नव्हतं.

सगुणा शुद्धीवर आली. डोकं दुखायचं थांबलं होतं. तिने मान उचलली, रेडकाच्या वासाच्या दिशेने वळवली आणि डोळे उघडले. मग मिटले. मग पुन्हा उघडले.

टोकाजी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला होता. त्याने सांगितलं, की गाठ गेली आहे, जिवाला धोका नाही, पण नजर परत यायची नाही. महिन्यापूर्वी काढली असती तर आली असती.

‘मी अर्ज करत बसलो,’ तो म्हणाला. ‘माझं चुकलं.’

सगुणा उठून उभी राहिली. रेडकू तिच्या पोटाखाली शिरून दूध पिऊ लागलं, तेव्हा ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. मुंगसाने नोंदवही दाखवली. सदर रुग्ण महिन्यापूर्वीच पूर्ण बरा होऊन घरी गेलेला होता. म्हणजे टोकाजीने एका ठणठणीत प्राण्याच्या डोक्याला भोक पाडलं, तेही दवाखान्याबाहेर, तेही विनापरवाना. पुरावा म्हणून भोक होतंच. टोकाजीने काढलेली गाठ पुढे ठेवली. मुंगूस म्हणालं, ती बोराची बी कशावरून नाही? टोकाजीने विचारलं, की शिंगात कधी गाठ होते का? कवठाएवढ्या दारातून म्हैस आत जाते का? दवाखाना कुणासाठी आहे? प्रश्न विचारले की काय होतं, ते मी सुरुवातीला म्हटलं होतं. त्याला नदीपार हाकलून दिलं. जंगलात परत दिसला तर चोच छाटू, असंही सांगितलं.

त्यानंतर दवाखाना फारच सुरळीत चालू लागला.

पावसाळा गेला, थंडी आली, आणि एके दिवशी राजाला दरबारात दोन मुंगसं दिसली. एकच नको झालेलं असताना दोन! राजाचं डोकंही ठणकत होतं. त्याला दवाखान्यात नेलं. दारातून मिश्यांची टोकं तेवढी आत गेली. मुंगूस लगबगीने म्हणालं, की महाराजांनी पूर्वीसारखी शेपटी आत घालावी, शेपटीला उत्तम उपचार देऊ.

‘माझं डोकं दुखतंय,’ राजा म्हणाला. ‘शेपटी नाही.’

बघा मुलांनो. स्वतःचं डोकं दुखलं की कुठे दुखतंय ते एका वाक्यात कळतं.

भिंत पाडावी असं वानरांनी सुचवून बघितलं. पण भिंत पाडली तर ती बांधायला नको होती असा अर्थ निघाला असता, आणि तो अर्थ मुंगसाला परवडणारा नव्हता. तेव्हा जाहीर झालं, की महाराज परमुलखातल्या भोकांचा अभ्यास करायला दौऱ्यावर जात आहेत. मुंगूस सोबत निघालं. जंगल पुन्हा टाळ्या वाजवून मोकळं झालं.

नदीपलीकडे एका वडाखाली टोकाजीचं काम चालायचं. ना पाटी, ना भिंत, ना गाद्या. येईल त्याने रांगेत बसायचं. राजाला एका तरसाच्या मागे बसावं लागलं. तरसाला ढेकर येत होते. राजाने जन्मात असली बसायची जागा पाहिली नव्हती, पण डोकं असं ठणकत होतं की डरकाळी फोडायची सोय नव्हती.

राजाची पाळी आली. टोकाजीने त्याला ओळखलं, मुंगसालाही ओळखलं. चोच जरा जास्त आत घातली तर काय होईल, हे त्याच्या मनात आलं. आलं, मी खोटं सांगणार नाही. पण वाईट काम त्याच्या चोचीला येतच नव्हतं. त्याने सकाळच्या उन्हात गाठ काढली. तीही बोराएवढीच, डोळ्यांच्या मागचीच. दुपारी राजाला एकच मुंगूस दिसलं.

राजा खूश झाला. म्हणाला, झालं गेलं विसरून जा, परत ये.

‘येतो,’ टोकाजी म्हणाला. ‘आधी ती भिंत पाडा.’

‘भिंत पाडली तर सगळे आत येतील.’

‘दवाखान्यात यायचंच असतं, महाराज.’

‘आले की त्यांतले काही मरणार,’ राजा म्हणाला. ‘आज आमच्या दवाखान्यात एकही मेलेला नाही. असा दवाखाना दुसऱ्या कुठल्या जंगलात आहे, सांग.’

टोकाजीने चोच पुसली. त्याने फक्त विचारलं, की सगुणा कशी आहे. कोण सगुणा, ते राजाला आठवेना. मुंगूस त्याच्या कानाशी लागून म्हणालं, ते शिंग, महाराज.

‘हां, ते शिंग,’ राजा म्हणाला. ‘ते बरं झालं ना.’

टोकाजीने पुढच्याला बोलावलं.

राजा परत आला तेव्हा दवाखान्याला वर्ष पूर्ण होत होतं. मोठा समारंभ झाला. भिंतीला नवा गिलावा झाला. दार आता आवळ्याएवढं केलं होतं, कारण वर्षभरात प्रगती दिसायला हवी. मुंगसालाही आत जाता येईना, म्हणून ते कारभार बाहेरूनच पाहू लागलं. वर नवी पाटी लावली, ‘या दवाखान्यात आजवर एकही रुग्ण दगावलेला नाही.’ राजाची नजर ज्या चोचीने वाचवली ती चोच पूर्वी इथेच नोकरीला होती, तेव्हा तेही श्रेय दवाखान्याच्या खात्यात धरलं.

आणि पहिला बरा झालेला रुग्ण म्हणून सगुणाचा सत्कार ठेवला होता. धोंडबा तिला घेऊन आला. रेडकू पायात पायात येत होतं. मुंगसाने तिच्या डाव्या शिंगात झेंडूची माळ घातली. उजव्या शिंगात नाही, उजवं दाखल नव्हतं झालं.

राजाचे डोळे नवे झाले होते. त्याला सगळं बघावंसं वाटत होतं आणि जे बघेल त्याचं कौतुक करावंसं वाटत होतं. तो रेडकाजवळ आला, खाली वाकला.

‘छान आहे हो तुझं रेडकू,’ तो म्हणाला. ‘कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका आहे, फार शोभतो.’

सगुणाची मान वर झाली. आठ महिने ती त्याला रोज चाटत होती. ठिपक्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने धोंडबाच्या बाजूला तोंड वळवलं. धोंडबा म्हणाला, हो.

‘आपल्याला दिसलं, बरं झालं महाराज,’ सगुणा म्हणाली.

मग टाळ्या सुरू झाल्या. सगळं जंगल टाळ्या वाजवत होतं, आणि सगुणा रेडकाला जवळ ओढून त्याच्या कपाळावरून जीभ फिरवत होती. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा वरून खाली. ठिपका जिभेला लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

तात्पर्य : सरकारी दवाखान्यात बरं व्हायचं असेल तर आवळ्याहून लहान व्हावं. ते जमत नसेल तर राजा व्हावं. दोन्ही जमत नसेल तर निदान आपलं एखादं शिंग तरी नीट घासूनपुसून ठेवावं, सत्काराच्या दिवशी उपयोगी पडतं.